अनसावरचें झांकण

येशूच्या शेवटच्या भोजनाचा संबंध शुभवर्तमानें वल्हांडणाशीं जोडतात. म्हणून ईस्टरच्या ताटाचा अर्थ शोधतांना आम्हांस कोंकणांतील बेने इस्राएलांचें स्वयंपाकघर आठवतें. इजिप्त सोडण्याच्या घाईंत कणीक फुगण्यास वेळ मिळाला नाहीं, याची खूण म्हणजे बेखमीर भाकर. या ‘शनवार तेल्यां’जवळ शतकानुशतकें हिब्रू धर्मग्रंथ नव्हते, सणाचें मूळ नांवही विस्मरणांत गेलें. तथापि आंबट रसाचें भांडें, म्हणजे अनस, ते झांकून ठेवीत व त्यास ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत. हाइम सॅम्युएल केहिमकर यांच्या १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या इतिहासांत ही नोंद आहे. पुढें कोचीनचे शिक्षक व मिशनरी आले, तेव्हां अर्थ उमगला. पोथी हरपली, पण आचार चुलीपाशीं टिकला. आपल्या कुळाचारांस अर्थहीन म्हणण्यापूर्वीं वाचकांनीं हें झांकण आठवावें.