नावांची वही आणि नोंदींची वही



'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा मनुष्य आज भंडाऱ्यात सापडणे कठीण. बँकेत, रेशनच्या दुकानात, सातबाराचा उतारा काढताना ते कानी पडते आणि मनुष्य निमूटपणे घरी परततो. रोजावर जगणाऱ्याचा त्यात एक रोज बुडतो. काय बंद पडले, किती वाजता आणि कशामुळे, हे विचारावयाचे आपल्याला सुचत नाही. वास्तविक ते लिहून ठेवण्याची सोय यंत्रातच असते. तिला लॉग म्हणतात. ही सोय कशी आली आणि ती कधी कधी मुकी का होते, याचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

इंग्रजीत लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. जुने खलाशी दोरीला बांधलेला लाकडी तुकडा समुद्रात सोडीत आणि ठरावीक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजून जहाजाचा वेग काढीत. तो आकडा ज्या वहीत लिहिला जाई ती लॉगबुक. संगणकाने हा शब्द तिथून उचलला.

वहीचे महत्त्व आमच्या जिल्ह्याला नव्याने सांगावयास नको. तुमसर तालुक्यात चिखल्याला मँगनीजची भूमिगत खाण आहे. या क्षणी जमिनीखाली कोण कोण आहे हे केव्हाही कळेल अशी नोंदवही अशा खाणींवर १९५२ च्या खाण कायद्याने सक्तीची केली होती. कारण छत कोसळले तर प्रथम नावेच शोधावी लागतात. विडी वळणाऱ्या बाईचे पाहा. तिने दिलेल्या मालाचा आकडा ठेकेदाराच्या वहीत चढतो, तसा तो तिच्या हातातल्या पुस्तकातही चढावा लागतो. दोन्ही जुळले तर वादच नाही. न जुळले तर वादाला आधार तरी मिळतो. एकट्या मालकाच्या कपाटातली वही खरी की खोटी, हे त्याच वहीवरून ठरविता येत नाही. युनियनचे काम करताना मी शिकलेला हा पहिला धडा, आणि संगणकाच्या इतिहासातही तोच धडा लिहिलेला आढळतो.

प्रथम नावांची वही पाहू. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसाला मात्र नाव लागते. अमेरिकेत अर्पानेट हे जाळे नवे होते तेव्हा सर्व यंत्रांची नावे आणि आकडे एकाच यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या हाताखालील कचेरी सांभाळी. नवे यंत्र आले की तिथे कळवावयाचे आणि सुधारलेल्या यादीची प्रत प्रत्येकाने उतरवून घ्यावयाची. यंत्रे वाढली तशी ही रीत अपुरी पडली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी निराळी रचना मांडली: सगळी यादी एका ठिकाणी ठेवावयाची नाही, ज्याच्या अखत्यारीतली नावे त्यानेच सांभाळावयाची आणि विचारणाऱ्याला वरच्याने खालच्याचा पत्ता सांगावयाचा. जिल्हा, तालुका, गाव अशीच ही उतरंड. नाव विचारले की आकडा सांगणारे जे यंत्र, ते नेमसर्व्हर. पुढच्याच वर्षी बर्कली विद्यापीठातील चार विद्यार्थ्यांनी त्यासाठी 'बाइंड' नावाची आज्ञावली लिहिली. सुधारत सुधारत ती आजही जगभर चालते.

या उतरंडीत भारताचे घर ८ मे १९८९ रोजी मांडले गेले. '.इन' ही आपली नाममुद्रा त्या दिवशी नोंदली गेली. तिची वही सांभाळण्याचे काम पुढे अनेक वर्षे मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने केले. सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागले १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे दुकान उघडण्यापूर्वी सहा वर्षे पाटी लिहून तयार होती. २००५ पासून हे काम निक्सी या संस्थेकडे आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये '.भारत' आले आणि मराठीत नाव घेता येऊ लागले. एक गंमत मात्र ध्यानात ठेवावी. नेमसर्व्हरच्या पोटात देवनागरी नाव देवनागरीत राहत नाही. एक्स, एन आणि दोन आडव्या रेघा यांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या वेषात ते वावरते आणि लॉगमध्येही त्याच वेषात उमटते. आपले नाव नोंदीत नाही म्हणून ओरडण्यापूर्वी ते कोणत्या वेषात आहे हे पाहावे.

आता नोंदींची वही. १९९७ च्या आठव्या आवृत्तीपासून बाइंडमध्ये नोंदींची व्यवस्था तपशिलाने ठरविता येऊ लागली. कोणत्या प्रकारची नोंद, कोणत्या वहीत, किती गंभीर असेल तर, हे सारे मालकाने लिहून द्यावयाचे. येथेच घोटाळे होतात. सर्व काही लिहून दिले, यंत्र चालू केले, आणि वही कोरी! अशा वेळी जाणता कारागीर काय करतो ते क्रमाने पाहा.

पहिला प्रश्न: लिहिण्याचा हुकूम दिला आहे काय? कोणी कोणते नाव विचारले याची नोंद मुळात बंदच असते. ती मुद्दाम चालू करावी लागते. दुसरा प्रश्न: लिहिणाऱ्याला अधिकार आहे काय? सुरक्षेसाठी बाइंड सुरू झाल्यावर सर्वाधिकार सोडून देते आणि साध्या नोकराच्या हक्काने काम करते. वहीच्या खोलीत त्या नोकराला प्रवेश नसेल तर तो लिहिणार कोठे? कधी त्याला एका कोंडलेल्या दालनात ठेवलेले असते, आणि बाहेरून दिसणारा वहीचा मार्ग आतून अस्तित्वातच नसतो. तिसरा प्रश्न: वही भरली काय? आकाराची मर्यादा घातली आणि भरलेली वही बाजूला काढून नवी उघडण्याची व्यवस्था केली नाही, तर मर्यादा गाठताच लेखन थांबते, आणि उत्तरे देण्याचे काम मात्र चालूच राहते! चौथा प्रश्न: वेळ लिहिली काय? वेळ छापण्याची सूचना न दिल्यास फाइलीत नुसते वाक्य उतरते. तारखेवाचूनच्या हजेरीपटाची किंमत किती, हे कामगाराला सांगावे लागत नाही.

या सर्वांहून मोलाची गोष्ट पुढे आहे. वही उघडता न आल्याची तक्रार त्या वहीत सापडणे शक्य नाही. ती यंत्राच्या सर्वसाधारण नोंदवहीत, म्हणजे सिसलॉगमध्ये, उतरते. कोरी वही पुढ्यात घेऊन बसणाऱ्याला काही उमगत नाही. दुसरी वही उघडणाऱ्याला कारण सापडते.

दुसऱ्या वहीचे सामर्थ्य १९८६ साली त्याच बर्कलीत सिद्ध झाले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत यंत्रवापराचा हिशेब दोन निराळ्या आज्ञावली ठेवीत. दोहोंत ७५ सेंटचा फरक आला. एखाद्याने तो खिशातून भरून टाकला असता. क्लिफर्ड स्टोल यांनी तो सोडला नाही. कोणीतरी परका मनुष्य यंत्रात शिरत होता. स्टोल यांनी येणाऱ्या तारांवर छपाईयंत्रे बसविली. त्या कागदापर्यंत चोराचा हात पोहोचू शकत नव्हता. माग थेट पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत गेला, आणि चोरलेली माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकली जात असल्याचे उघड झाले. पाऊण डॉलरची विसंगती दोन वह्या होत्या म्हणून दिसली.

आपल्याकडे २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने आदेश काढला की, सेवा देणाऱ्यांनी, कंपन्यांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी आपल्या यंत्रांचे लॉग चालू ठेवावेत, १८० दिवस जपावेत, आणि घड्याळे सरकारमान्य वेळेशी जुळवावीत. आदेश योग्यच आहे. परंतु नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. नेमसर्व्हरच्या नोंदीत कोणत्या यंत्राने किती वाजता कोणते नाव विचारले हे असते. कारखान्यातला कोणी कामगार कायद्याची माहिती शोधतो, कोणी युनियनचा पत्ता विचारतो, कोणी दुखण्याचा इलाज पाहतो. मालकाला ते वाचता येते. खाणीच्या तोंडाशी कामगाराचा जीव राखणारी जी वही, तीच त्याच्यावर पाळत ठेवण्यासही उपयोगी पडू शकते.

म्हणून वही असावी की नसावी, एवढ्याने भागत नाही. कोण लिहितो, किती दिवस ठेवतो, कोण वाचू शकतो, आणि ताडून पाहावयास दुसरी वही कोणाच्या हातात आहे, हे चार प्रश्न विचारावेत. पुढच्या खेपेस खिडकीवर 'सर्व्हर डाउन आहे' असे ऐकाल, तेव्हा निमूटपणे परतू नका. किती वाजल्यापासून, असे विनयाने विचारा. आणि उत्तर मिळाले की वेळ व तारीख आपल्याही वहीत लिहून ठेवा.