जागाही रिकाम्या, नर्सही रिकाम्या

मोहर्ली गेटच्या आसपासच्या पोरींसाठी नोकरी म्हटली की रिसॉर्ट, होम-स्टे, नाहीतर गाईडचं काम. त्यात काही जीएनएम, एएनएम झालेल्या आहेत. दोन-तीन वर्षं शिकल्या, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आहे आणि काम काय, तर रिसेप्शनवर बुकिंग पाहायचं. दिसल्या की एकच प्रश्न, "भाऊ, जाहिरात निघाली का?"

आणि मी बातम्या कसल्या लिहितो? उपकेंद्राला कुलूप, सिस्टर नाही, बाळंतीण गाडीतच. नर्स नाही म्हणून दवाखाना बंद, दवाखान्यात घेत नाहीत म्हणून नर्स घरी. हे कोडं एका रात्रीत तयार झालेलं नाही, म्हणून थोडं मागे जाऊ या.

नर्सिंगच्या पुस्तकांत पहिल्या भारतीय नर्स म्हणून बाई काशीबाई गणपत यांचं नाव येतं. 1891 साली त्या मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात शिकायला आल्या. पुण्यात 1909 साली सेवासदन सुरू झालं. रमाबाई रानड्यांनी तिथल्या बायकांना, त्यात विधवाही होत्या, ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. परजातीच्या, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हणजे काय, असं लोक बोलायचे. तेव्हा शिकायला पोरी मिळत नव्हत्या. आज शिकलेल्या पोरी रांगेत उभ्या आहेत, म्हणजे समाज बदलला एवढं तरी मान्य करावं लागेल.

1946 साली भोर समितीचा अहवाल आला. देशात 43,000 लोकांमागे एक नर्स, असा तिचा हिशेब. नर्सेसच्या राहण्याची आणि कामाची अवस्था फार वाईट आहे, हेही समितीने लिहून ठेवलं. 1952 पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं सुरू झाली, 1962 साली जिल्हा परिषदा आल्या. आपल्या जुन्या चांदा जिल्ह्यात (गडचिरोली 1982 पर्यंत त्यातच होतं) 'नर्सबाई' नावाचं माणूस गावाला दिसलं ते याच काळात. पायी, सायकलने, नाले ओलांडत फिरणारी, पण कायम नोकरीतली. तिला क्वार्टर होतं, पेन्शन होती. आमच्या पिढीतल्या किती घरांत "पोरीला नर्स करा" हे वाक्य तिला पाहूनच आलं असेल!

बापाने सोयाबीन-कापसाच्या पैशातून फी भरली ती त्या नर्सबाईकडे पाहून. पण पोरगी पास होईपर्यंत ती नोकरीच बदलून गेली होती.

2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. उपकेंद्रात दुसरी एएनएम मिळाली, हे चांगलंच झालं. पण ती कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मध्ये खंड, पुन्हा ऑर्डर. अशी दहा-पंधरा वर्षं गेलेल्या बाया आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या संपावर गेल्या. मार्च 2024 मध्ये समायोजनाचा शासन निर्णय निघाला, तो अमलात आणा म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा संप. कोरोनात तर तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर पोरी घेतल्या, टाळ्या वाजवल्या आणि लाट ओसरली तशा घरी पाठवल्या.

आता कायम भरतीचं ऐका. जिल्हा परिषदेच्या भरतीचे फॉर्म निघाले मार्च 2019 मध्ये. पोरींनी भरले. परीक्षा झाली नाही, भरतीच रद्द झाली. नवी जाहिरात आली ऑगस्ट 2023 मध्ये, राज्यात 19,460 जागा, आरोग्य विभागाच्याही त्यात. फी खुल्या वर्गाला 1,000 आणि मागासवर्गीयांना 900 रुपये, प्रत्येक पदाला वेगळी. मग पेसा क्षेत्रातल्या 17 संवर्गांची भरती सुप्रीम कोर्टातल्या वादात अडकली, एएनएमचं पद त्यातच. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात जिथे सिस्टर सगळ्यात जास्त हवी, तिथेच निवड झालेल्यांना थांबावं लागलं. 2024 च्या शेवटी त्यांना मानधनावर नेमायचं ठरलं. 2019 ला बावीस वर्षांची असलेली पोरगी तोवर सत्तावीसची झाली. लग्न झालं, लेकरू झालं. तिचा अनुभव? शून्य. कारण अनुभव घ्यायचा कुठे?

खासगीत, असं कोणी म्हणेल. तिथे काय मिळतं ते विचारून पाहा. पहिले काही महिने "अनुभवासाठी" फुकट, नंतर सहा-सात हजार, बारा तासांची ड्युटी. 2016 साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला किमान 20,000 रुपये महिना द्या, 200 खाटांच्या वर सरकारी नर्सएवढा पगार द्या. शिफारस होती. शिफारशीवर दंड नसतो.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत 1929 च्या मंदीआधी हॉस्पिटलं वॉर्ड चालवायची ट्रेनिंगच्या पोरींकडून, जवळजवळ फुकटात. पास झाली की तिने घरोघरी खासगी रुग्ण शोधायचे. मंदी आली, घरांकडे पैसे उरले नाहीत आणि हजारो नर्सेस बसून राहिल्या. काही जणी तर जेवण आणि खोलीवर काम करायला तयार झाल्या. तिथे मार्ग कसा निघाला? अनेक हॉस्पिटलांनी आपली छोटी ट्रेनिंग स्कूलं बंद केली आणि वॉर्डात विद्यार्थिनींऐवजी पास नर्सेस पगारावर ठेवल्या. सरकारनेही मदतकार्याच्या योजनांत नर्सेसना काम दिलं.

आपण उलटं चाललो आहोत. 2023 च्या केंद्रीय बजेटमध्ये 157 नवी नर्सिंग कॉलेजं जाहीर झाली. कॉलेज हवंच, पण त्यातून बाहेर पडणारीसाठी पद कोण मंजूर करणार? शिकवण्याचा खर्च बाप उचलतो, पगाराचा सरकारला उचलावा लागतो, एवढाच हा फरक आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्गशी 10,000 कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. जर्मन शिकून जाणारीने जरूर जावं, माझ्या शुभेच्छा. पण मोहर्लीहून भद्रावतीला जायलाही घरी विचारावं लागणाऱ्या पोरीला हा मार्ग सांगणं म्हणजे तिच्या प्रश्नाचं उत्तर टाळणंच झालं.

नियम असा आहे की साध्या भागात 5,000 आणि आदिवासी-डोंगरी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. भद्रावती तालुक्यातल्या प्रत्येक उपकेंद्रात मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती आणि रिकामी कधीपासून, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी या आठवड्यात जिल्हा परिषदेत टाकतोय. चिमूर, सिंदेवाही, मूल, गडचिरोलीकडच्या मित्रांनी आपापल्या तालुक्याचा टाकावा, मजकूर हवा असेल तर मी देतो. आणि 2019 चा फॉर्म भरलेल्या ताईंनी त्याची पावती अजून जपून ठेवली असेल तर मला तिचा फोटो पाठवा. नाव छापणार नाही.