वाऱ्यावर वाढलेला गुलाब

गुलाब हे फूल आपल्या व्यवहारात पहिल्यापासून दरबारी ऐटीने वावरत आले आहे. त्याचे नावच फारसी. त्या भाषेत 'गुल' म्हणजे फूल व 'आब' म्हणजे पाणी. अर्थात 'गुलाब' हा शब्द मुळात गुलाबपाण्याचा वाचक होता आणि आपण तो फुलासच लावून टाकला. भावप्रकाशासारख्या निघंटूंत शतपत्री, तरुणी अशी जी संस्कृत नावे आढळतात, ती वैद्यांच्या पोथ्यांतच राहिली. लोकांच्या तोंडी बसले ते दरबारचे नाव. मोगल चित्रांतील बादशहाच्या हाती हे फूल आहे, आणि लग्नकार्यातील चांदीच्या गुलाबदाणीत त्याचे पाणी आहे. यामुळे गुलाब म्हणजे श्रीमंताघरचे लाडावलेले फूल, पदरी माळी आणि विहिरीला मुबलक पाणी असेल त्यानेच त्याच्या वाटेस जावे, असा समज सर्वत्र दृढ झाला आहे. हा समज इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतो, ते पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न निव्वळ हौसेचा नाही. वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या दरम्यान पसरलेला हा प्रदेश पूर्वी वणीच्या नावाने ओळखला जाई. जिल्ह्यास यवतमाळचे नाव मिळाले ते १९०५ साली. काळी कपाशीची जमीन, डोंगराळ पठार आणि चैत्र-वैशाखात दुपारभर वाहणारा कोरडा, तापलेला वारा ही येथील मुख्य लक्षणे होत. समुद्र येथून शेकडो मैल दूर आहे. तरीही समुद्रकाठच्या बागेचे आणि वऱ्हाडातील परसाचे दुखणे एका बाबतीत सारखे आहे. खारा वारा काय किंवा उन्हाळी झळा काय, दोन्ही पानांतील ओल शोषून नेतात. मुळांना जेवढे पाणी पुरविता येते त्याहून अधिक पाने गमावतात, आणि कोवळे शेंडे करपतात. म्हणून समुद्राच्या वाऱ्यावर तग धरून वाढलेल्या गुलाबाची हकीकत यवतमाळच्या वाचकासही परकी वाटण्याचे कारण नाही.

ही हकीकत हिंदी महासागरातील एका बेटापासून सुरू होते. आज रेयुनियाँ म्हणून ओळखले जाणारे हे फ्रेंच बेट एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बूर्बाँ या नावाने प्रसिद्ध होते. वादळांच्या मार्गावर असलेल्या या बेटाच्या पूर्व किनाऱ्यास तेथील लोक वाऱ्याकडचा किनारा असेच म्हणतात. तेथील शेतकरी आपल्या जमिनीभोवती गुलाबाची कुंपणे लावीत. त्यांत दोन जाती असत: एक चीनमधून आलेला बारमाही गुलाब, व दुसरा दमास्क कुळातील सुगंधी गुलाब. कुंपणास कोण खत घालणार आणि कोण पाणी देणार? या उपेक्षित कुंपणांत दोन्ही जातींचा आपोआप संकर झाला. सँ-बन्वा येथील एदुआर पेरिशों यांच्या बागेत एक निराळेच रोप दिसून आले. १८१७ साली बेटावर आलेल्या निकोला ब्रेआँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे महत्त्व ओळखले व ते फ्रान्सला पोहोचते केले. तेथे या एका रोपापासून बूर्बाँ गुलाबांचे मोठे घराणे निर्माण झाले.

हाच गुलाब हिंदुस्थानातही आला. 'रोझ एदुआर' या त्याच्या नावाचे येथे 'एडवर्ड' झाले, आणि ज्यास आपण एखाद्या इंग्रज राजाचे स्मारक समजावे, ते नाव वस्तुतः बेटावरील एका जमीनमालकाचे आहे. आपल्याकडे गावठी म्हणून जे सुवासिक गुलाबी गुलाब ओळखले जातात, ते सारे एकाच कुळातील नव्हेत. परंतु एडवर्डचे त्यांत मानाचे स्थान आहे. त्याची खरी कामगिरी मात्र मातीखाली आहे. परदेशी ऐटदार गुलाब आपल्या जमिनीत स्वतःच्या मुळांवर नीट टिकत नाहीत, असे आढळल्यावर माळ्यांनी एडवर्डचा खुंट घेऊन त्यावर त्यांचे डोळे भरण्यास सुरुवात केली. प्रदर्शनात बक्षीस मिळते ते वरच्या फुलास, आणि मातीतील पाणी शोधीत राहते ते खालचे मूळ. पुढे वरचे कलम उन्हाने वा दुर्लक्षाने मेले म्हणजे खुंटाची फूट जोमाने वर येते. मग मालक 'गुलाब रानटी झाला' म्हणून हळहळतो. वास्तविक जो टिकला, तोच त्या जागेस योग्य होता.

युरोपात या इतिहासाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन फाटे फुटले, आणि आश्चर्य असे की दोहोंच्या मुळाशी एकाच माणसाचा हात होता. लिओं शहरातील धाकट्या गियो यांनी १८६७ साली 'ला फ्रान्स' हा गुलाब प्रसिद्ध केला. लांब दांड्यावर एकच मोठे, डौलदार फूल, हा आजच्या प्रदर्शनी गुलाबाचा थाट तेथून रूढ झाला. त्याच गियोंनी पुढे जपानातून आलेल्या बहुपुष्पी रानगुलाबाच्या वंशातून १८७५ साली 'पाकेरेत' हे बुटके झुडूप पुढे आणले. त्याची फुले चिमुकली, पण घोसांनी येणारी. पहिल्या गुलाबाचा जगभर उदोउदो झाला. दुसरा वाफ्याच्या कडेला लावण्यापुरता उरला.

या धाकट्या शाखेची कदर केली ती उत्तरेकडील लोकांनी. डेन्मार्क हा देश जवळजवळ सर्व बाजूंनी समुद्राने वेढलेला. थंडी कडक आणि वारा सततचा. तेथे नाजूक गुलाब हिवाळ्यात मरत. म्हणून पोल्सेन घराण्यातील दिनेस पोल्सेन यांनी घोसाच्या बुटक्या गुलाबाचा मोठ्या फुलांच्या गुलाबाशी संकर केला, आणि १९१२ च्या सुमारास 'रोथहेटे' ही तांबडी जात बाहेर पडली. त्यांचे बंधू स्वेन यांनी १९२४ साली 'एल्से पोल्सेन' व 'किर्स्टेन पोल्सेन' या दोन जाती दिल्या. अशा गुलाबांस १९३० च्या सुमारास अमेरिकेत 'फ्लोरिबंडा' हे नाव पडले. इंग्लंडातील जाणत्यांना ते नाव बरीच वर्षे रुचले नाही. परंतु बागवाल्यांनी ते उचलले आणि नाव कायम झाले. १९५८ साली जर्मनीच्या उत्तर टोकाकडील, दोन समुद्रांमधल्या प्रांतात कोर्डेस यांनी तयार केलेला 'आइसबर्ग' हा पांढरा फ्लोरिबंडा याच परंपरेतला असून, तो आज उष्ण देशांतही फुलतो.

आपल्या देशात या वर्गास प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. हे मूळचे गव्हाचे शास्त्रज्ञ. तांबेरा रोगास दाद न देणारा गहू निपजविण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी फावल्या वेळात गुलाबांचेही संकर केले. १९६३ चा 'दिल्ली प्रिन्सेस' व १९६९ चा 'बंजारन' हे त्यांचे फ्लोरिबंडा प्रसिद्ध आहेत. आपल्या हवेत वाढेल तो गुलाब आपणच निवडून काढला पाहिजे, हा विचार त्यांच्या कामात स्पष्ट दिसतो.

आता यवतमाळच्या परसात हा इतिहास कसा उपयोगी पडेल? घोसाचा गुलाब बुंध्यापासून अनेक फांद्या काढतो व कमरेच्या वर सहसा जात नाही. त्यामुळे वारा त्यास मुळापासून हलवू शकत नाही. मोठ्या गुलाबाचा एक दांडा मोडला तर महिन्याची आशा गेली. येथे घोसातील चार कळ्या झडल्या तरी बाकीच्या उमलतात. काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून मुरूम व शेणखत मिसळून वाफा उंच करावा आणि बुंध्याशी पाचोळ्याचे आच्छादन द्यावे. वाऱ्याच्या अंगास भिंत घालण्यापेक्षा मेंदीचे विरळ कुंपण बरे. भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवऱ्याप्रमाणे कोसळतो, तर कुंपणातून तो गाळून येतो. छाटणी पाऊस सरल्यावर एकदा करावी. पहिले वर्षभर मात्र नियमाने पाणी दिलेच पाहिजे. काटक म्हणजे निराधार नव्हे.

पाण्याचा प्रश्न टाळून येथे कोणत्याही बागेचे वर्णन करणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८९९–१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळले होते. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह या तलावांचे पाणी आटल्यामुळे यवतमाळ शहरात पिण्याच्या पाण्याचे हाल झाले. ज्या घरी घागर मोजून भरली जाते, तेथे फुलासाठी पाणी मागण्यास गुलाबास कोणता अधिकार आहे? प्रदर्शनी गुलाबास तो नाही, असेच म्हणावे लागेल. परंतु ज्याचे पूर्वज कुंपणात, वाऱ्यावर सोडलेले असतानाच वाढले, तो न्हाणीच्या सांडपाण्यावर आपला गुजारा करू शकतो. आपल्या आज्यांनी परसात गावठी गुलाब राखला तो याच पाण्यावर. श्रीमंतीशी जोडलेले हे फूल गरिबाच्या अंगणात आणावयाचे असेल, तर त्यासाठी नवे संशोधन करण्याची आवश्यकता नाही. बूर्बाँच्या शेतकऱ्याने, डेन्मार्कच्या रोपवाटिकेने आणि मातीखालच्या एडवर्डने ते काम आधीच करून ठेवले आहे. आपण फक्त निवड नीट करावी, आणि खुंटाची फूट उपटण्यापूर्वी एक ऋतू तिला फुलू द्यावे.