लिनक्सचा पाया : एक की अनेक?



आपल्या मलकापूर, नांदुरा, शेगाववरून मुंबई-नागपूर रेल्वेचे रुंद रूळ जातात. शेजारच्या अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरला, यवतमाळ व अचलपूरकडून 'शकुंतला' येत असे. तिच्या रुळांतील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. मोठ्या गाडीचे १६७६. त्यामुळे शकुंतलेचा डबा पुढे मुंबईकडे जाऊ शकत नसे. माल उतरवा आणि पुन्हा चढवा! सर्वांचे रूळ एकच असते तर ही हमाली वाचली असती, असे कोणीही म्हणेल. संगणकाच्या जगात 'लिनक्स'बाबत हाच प्रश्न अनेक वर्षे विचारला जात आहे.

लिनक्स म्हणजे संगणकाचा कारभार चालविणारी मूळ व्यवस्था. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला व जगासाठी खुला केला. या गाभ्याला इतर साधने जोडून जो तयार संच होतो, त्याला 'डिस्ट्रिब्युशन' म्हणतात. १९९३ मध्ये स्लॅकवेअर व डेबियन निघाले, पाठोपाठ रेड हॅट आले. गाभा एकच, पण वरची बांधणी निराळी. डेबियनची गाठोडी 'डेब' पद्धतीची, रेड हॅटची 'आरपीएम' पद्धतीची. एकाचे गाठोडे दुसऱ्याकडे सरळ उघडेना. मूर्तिजापूरचीच गत!

यावर दोन उपाय झाले. २००१ साली 'लिनक्स स्टँडर्ड बेस' नावाची नियमावली निघाली. तिने 'आरपीएम' पद्धत प्रमाण मानली, आणि डेबियन २०१५ च्या सुमारास तिच्यापासून दूर झाले. २००२ साली सुसे, कॅल्डेरा, कोनेक्टिव्हा व टर्बोलिनक्स या चार कंपन्यांनी 'युनायटेड लिनक्स' हा एकच पाया उभारला. परंतु रेड हॅट व डेबियन त्यात नव्हतेच. शिवाय कॅल्डेराने एससीओ हे नाव घेऊन २००३ मध्ये आयबीएमवर लिनक्सच्याच प्रश्नावरून दावा गुदरला. भागीदारी थोड्याच काळात मोडली.

मग समान पाया कोठेच झाला नाही काय? झाला, पण आपखुशीने. डेबियनच्या पायावर २००४ मध्ये उबुंटू उभे राहिले. पुण्यात मुख्यालय असलेल्या आपल्या सी-डॅक संस्थेनेही २००७ साली 'बॉस' ही भारतीय भाषांची व्यवस्था डेबियनवरच रचली. पाया चांगला होता, खुला होता, म्हणून लोक त्यावर घरे बांधू लागले.

परंतु एका पायाचा धोकाही ध्यानात घ्या. २००६ साली डेबियनमध्ये एका दुरुस्तीने गुप्त किल्ल्या बनविण्याच्या कामात दोष शिरला. किल्ल्या ओळखता येण्याजोग्या होऊ लागल्या. हा दोष २००८ च्या मे महिन्यात उघडकीस आला, तोवर तो उबुंटूतही पोहोचला होता. रेड हॅटचा पाया वेगळा, म्हणून ते वाचले. सर्वांचा पाया एकच असता तर?

आता घरची गोष्ट. गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीने स्मरणिकेसाठी मराठी निबंध एका दुकानात टंकलिखित करून आणला. दुसऱ्या संगणकावर उघडताच अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा! त्या दुकानाचा फाँट जुना होता, त्याची अक्षरसंख्या त्याच्यापुरतीच. रात्री जागून सारे पुन्हा लिहावे लागले. मजकूर युनिकोडमध्ये असता तर ही वेळ आली नसती. १९९१ पासून विकसित होत आलेल्या या पद्धतीत देवनागरीचा 'क' आणि उर्दूचा 'काफ' यांना प्रत्येकी ठरलेला क्रमांक आहे. संगणक कोणताही असो, तो क्रमांक बदलत नाही.

म्हणून माझे मत असे : जेथे देवाणघेवाण होते, तेथे ठराव एकच हवा. अक्षर, कागदपत्र, जोडणी यांत भेद नको. घर मात्र ज्याने त्याने आपल्या सोयीने बांधावे. मूर्तिजापूरला डब्याचा रंग आड आला नव्हता. रूळ आड आले होते.

विद्यार्थी मित्रहो, घरातील जुना संगणक फेकण्यापूर्वी त्यावर एखादे लिनक्स चढवून पाहा. ते फुकट मिळते. आणि जे लिहाल, मराठीत वा उर्दूत, ते युनिकोडमध्येच लिहा. आज लिहिलेले तुमच्या मुलांनाही वाचता आले पाहिजे.