गुणांकांचा उंबरठा : कॅनडा आणि कुशल स्थलांतरित

कॅनडाच्या स्थलांतरनीतीत वंशाचा निकष दीर्घकाळ निर्णायक होता. मायदेशातून थेट, अखंड प्रवास करूनच यावे, या १९०८ च्या नियमाने भारतीयांचा प्रवेश जवळजवळ बंद झाला. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ हे जहाज व्हँकुव्हरहून परत पाठवले गेले. १९५१ च्या करारानेही वर्षाला अवघ्या १५० भारतीयांनाच वाट मिळाली. १९६२ च्या नियमांनी वंशभेद बव्हंशी दूर केला आणि १९६७ मध्ये गुणांकपद्धती आली : नऊ निकष, एकूण १०० गुण, उत्तीर्णतेसाठी ५०. त्यांत शिक्षणाला सर्वाधिक, म्हणजे २० गुण होते.

जन्माऐवजी अर्जित पात्रता मोजली जाऊ लागली, हे या पद्धतीचे ऐतिहासिक श्रेय. तथापि ही मोजपट्टी निरपेक्ष नव्हती. व्यक्तिमत्त्वाचे १५ गुण अधिकाऱ्याच्या मतावर अवलंबून होते. भाषेचे १० गुण फक्त इंग्रजी व फ्रेंचसाठी होते. भाषेचे हे गुण २००२ मध्ये २४ आणि २०१३ मध्ये २८ झाले. अर्जदाराच्या मराठीला, पंजाबीला वा तमिळला मात्र कधीच गुण नव्हते. स्थलांतरितांचे मातृभाषेतील लेखन वाचताना या शून्याचे भान आवश्यक ठरते. कारण मोजणीतून वगळलेले स्वत्व त्या लेखनातच नोंदवले जाते.