प्रोस्टेट कर्करोगातील प्रतिरक्षा पेशी

प्रोस्टेट (अष्ठीला) ग्रंथीतील अर्बुदाच्या आत व भोवती आढळणाऱ्या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी. त्यांत टी-पेशी, बी-पेशी, महाभक्षक पेशी आणि अस्थिमज्जेतून आलेल्या अपक्व दमनकारी पेशी येतात. यांपैकी बऱ्याच येथे अर्बुदाच्याच पथ्यावर पडतात.

मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या तुलनेत हे अर्बुद ‘थंड’, म्हणजे प्रतिरक्षा पेशींना फारसे न चेतवणारे, मानतात. जनुकीय उत्परिवर्तने कमी असल्याने टी-पेशींना परके म्हणून ओळखण्याजोगे फारसे काही सापडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली टी-पेशी पुष्कळदा कर्कपेशींत न शिरता भोवतालच्या आधार-ऊतीत घोळक्याने थांबलेल्या दिसतात. त्यामुळे त्यांच्या नुसत्या संख्येवरून रोगाचा अंदाज बांधणे धोक्याचे. दीर्घकालीन दाहातून हा कर्करोग उद्भवतो का, हा प्रश्न वादग्रस्त आहे.

पुरुष-संप्रेरक दाबणाऱ्या उपचारांना रोग बहुधा आधी दाद देतो, मग पुष्कळदा जुमानेनासा होतो. या बदलात दमनकारी पेशींचा हात असल्याचे 2018 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आले. या पेशी इंटरल्यूकिन-23 हे संदेशवाहक प्रथिन स्रवतात व त्यामुळे संप्रेरक नसतानाही कर्कपेशींतील अँड्रोजेन-ग्राही कार्यरत राहतो. बी-पेशींबाबतही असाच निष्कर्ष 2010 मध्ये, पुन्हा उंदरांतच, निघाला होता. दमनकारी पेशींना अर्बुदाकडे येण्यापासून रोखणाऱ्या औषधाची संप्रेरकविरोधी औषधासह चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. काही रुग्णांना लाभ झाला, पण चाचणी लहान होती.

सिप्युल्युसेल-टी : अमेरिकेत एप्रिल 2010 मध्ये मान्यता मिळालेली उपचारात्मक लस. रुग्णाच्या शिरेतून रक्त काढून यंत्रातून फिरवतात, हव्या त्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात आणि उरलेले रक्त त्याला परत देतात. वेगळ्या केलेल्या पेशी प्रयोगशाळेत एका जोड-प्रथिनासोबत ठेवतात. त्याचा एक भाग प्रोस्टेटमधील आम्ल फॉस्फेटेज, तर दुसरा पेशींना चेतवणारा घटक असतो. चेतवलेल्या पेशी सलाइनप्रमाणे शिरेतून परत देतात. सुमारे दोन आठवड्यांच्या अंतराने असे तीनदा करतात. 512 रुग्णांच्या चाचणीत मध्यक आयुर्मान 21.7 महिन्यांवरून 25.8 महिन्यांवर गेले. मात्र रोग बळावण्यास लागणारा काळ लांबला नाही. ही विसंगती आजही टीकाकारांच्या हाती आहे. खर्चाचा मुद्दा निराळाच.

टी-पेशींवरील ‘ब्रेक’ काढणारी औषधे (2018 चे नोबेल याच तत्त्वाच्या शोधासाठी) येथे फिकी पडली. इपिलिम्युमॅबच्या 799 रुग्णांच्या चाचणीत मध्यक आयुर्मान 11.2 महिने, तर औषधाविना 10 महिने होते. फरक सांख्यिकीय कसोटीला थोडक्यात उतरला नाही. पेम्ब्रोलिझुमॅबला प्रतिसाद देणारे मोजकेच. डीएनए-दुरुस्तीच्या विशिष्ट दोषामुळे उत्परिवर्तने साचलेली अर्बुदे याला अपवाद ठरू शकतात. प्रगत रोगातही त्यांचे प्रमाण काही टक्केच.

हाडांतील दुय्यम गाठी : हाड झिजताना मोकळा होणारा टीजीएफ-बीटा हा घटक टी-पेशींना निष्प्रभ करतो, असे उंदरांत आढळले आहे.

मास्ट पेशी : या प्रतिरक्षा पेशी अर्बुदाला पोषक की मारक, याबाबतचे निष्कर्ष परस्परविरोधी.