कोलोकेशन : शब्दांची ऊठबस

इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. इंजिन मात्र ‘पॉवरफुल’. पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’. ‘हेवी स्मोकर’ अंगाने अगदी पाप्याचं पितर असला तरी चालतं, कारण तिथे ‘हेवी’ वजनाबद्दल बोलतच नाही, बोलतो तो ओढण्याच्या प्रमाणाबद्दल.

शब्दांच्या या ठरलेल्या ऊठबशीला ‘कोलोकेशन’ म्हणतात. मूळ लॅटिन ‘कोलोकारे’, म्हणजे एकत्र ठेवणे. त्यातला ‘लोकस’ म्हणजे जागा. ‘लोकल’ही त्याच घरातली, मुंबईची गाडी धरून. टोकियोत काम करणाऱ्या हॅरल्ड पामर यांनी १९३३ मध्ये अशा इंग्रजी जोड्यांचा अहवाल काढला. भाषाशास्त्रात ही संज्ञा रुजवली जे. आर. फर्थ यांनी; १९२०च्या दशकात हे गृहस्थ लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. चहाचं गाजलेलं उदाहरण त्यांचे शिष्य हॅलिडे यांचं.

‘पॉवरफुल टी’ का चालत नाही, हे विचारलं की व्याकरण हात वर करतं. नियम नाही, नुसती वहिवाट. आणि तीही लहरी : ‘फास्ट फूड’ चालतं, पण घाईत उरकलेलं जेवण ‘क्विक मील’च.